ज्वारी, मिलो आणि तिबेटी कॅम्प : नागपूरचे सहा दिवस

दिवस पहिला

दक्षिण सुदानची राजधानी जुबा ते आदिस अबाबा, आदिस ते मुंबई, मुंबईत विमानतळावरच्या बाकड्यावर सहा तास आणि मग नागपूर. सोनेगावला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि अंगात एकच पातळ शर्ट. जुबातून निघताना पस्तीस डिग्री, इथं डिसेंबरची थंडी, बाहेर बाबा कानटोपी-मफलर गुंडाळून उभे. दीड वर्षाने पोरगा घरी येतोय, तर पहिलं वाक्य काय? "स्वेटर कुठाय तुझं?"

स्वेटर नव्हतंच. दक्षिण सुदानमध्ये स्वेटर कोण नेतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी एका मदत संस्थेत गोदाम सांभाळायचो. लोकांना वाटतं मदत संस्था म्हणजे डॉक्टर, तंबू, कडेवर बाळ घेतलेला फोटो. माझं काम म्हणजे पोती मोजणं. ट्रक आला की वेबिल म्हणजे मालाची पावती तपासायची, थप्प्या लावायच्या, थप्पीच्या हिशेबाचं स्टॅक कार्ड भरायचं, कीड लागू नये म्हणून धूर द्यायचा, आणि फाटलेल्या पोत्यातलं सांडलेलं धान्य झाडून परत तोलायचं. पोत्यात ज्वारी. हो, आपलीच ज्वारी, तिकडचंही मुख्य अन्न तेच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सरकार बदललं आणि परदेशी मदत गोठवली, एका सकाळी मेल आला की काम थांबवा. मार्चमध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं की युएसएड या त्यांच्या परदेशी मदतीच्या सरकारी खात्याचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द, आणि १ जुलैला केनेडींनी १९६१ मध्ये सुरू केलेलं ते खातंच बंद होऊन परराष्ट्र खात्यात विरघळलं. आमची संस्था इकडून तिकडून पैसे जमवत नोव्हेंबरपर्यंत तगली, मग माझं काँट्रॅक्ट काही पुढे गेलं नाही. तर असा मी घरी.

दुपारी काका आले. काकांचा व्हॉट्सॲपवर पक्का अभ्यास झालेला. "इतके वर्ष अब्जावधी डॉलर गेले बावा, तरी आफ्रिका तिथंच, म्हंजे पैसे खाल्ले ना कोणीतरी." मी म्हटलं काका, खाल्ले तर आहेतच, २०१६ च्या जुलैमध्ये जुबात मारामारी झाली तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाचं मुख्य गोदाम लुटलं, साडेचार हजार टनांवर धान्य गेलं, सव्वादोन लाख माणसांना महिनाभर पुरलं असतं इतकं. चेकपोस्टवर पैसे काढतात, नाईलमधल्या बार्जवरसुद्धा काढतात. पण त्याच देशात फेब्रुवारी २०१७ मध्ये लेर आणि मायेंदित या भागात रीतसर दुष्काळ जाहीर झाला होता आणि जूनमध्ये तो मागे घेतला, कारण धान्य पोचलं. दोन्ही खरं आहे. आणि अब्जावधी म्हणता ते अमेरिकेच्या बजेटच्या एक टक्क्याच्या आसपास असायचं.

काकांना एक टक्का पटला नाही. आईने साबुदाणा वडे आणले म्हणून विषय मिटला.

दिवस दुसरा

सकाळी सहाला जाग आली, तिकडे तेव्हा अडीच वाजलेले असतात तरी. दोस्ताला फोन केला, तो गाडी घेऊन आला आणि आम्ही तर्री पोहे खायला गेलो. मी जुबात ज्या ज्या रात्री उपाशी झोपलो (दोनदाच, पण सांगायला बरं वाटतं) त्या रात्री मला तर्री पोहेच आठवायचे. वरून लाल तर्री, त्यात काळे चने, कांदा, लिंबू, आणि ती तर्री नाकातून बाहेर यायला लागली की समजायचं घरी आलो. दोस्त म्हणे, "काऊन बे, रडून राहिला का?" मी म्हटलं तर्रीनं.

मग स्वेटर. दरवर्षी थंडीत तिबेटी लोकांची दुकानं लागतात, तिथं गेलो. लहानपणापासून घेत आलो, कधी डोक्यात आलं नाही की ही माणसं बाकीचे आठ महिने कुठं असतात. मला वाटायचं हिमालयात जात असतील परत. दुकानात पन्नाशीची बाई, कानात एअरपॉड घातलेली पोरगी मदतीला. भाव करता करता विचारलं कुठून येता. "गोठणगाव." मी म्हटलं कोणतं गोठणगाव? "अर्जुनी मोरगाव के पास, प्रतापगड. इटियाडोह डॅम है ना?" म्हणजे गोंदिया जिल्हा! नागपूरपासून दीडशे किलोमीटर! मी दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊचा विस्थापितांचा कॅम्प दोनदा बघून आलो, बांगलादेशातल्या कॉक्स बाझारच्या कॅम्पबद्दल वाचून काढलं, आणि माझ्या स्वतःच्या विदर्भात १९७२ पासून निर्वासितांची वसाहत आहे हे मला बत्तीसाव्या वर्षी स्वेटरच्या दुकानात कळतंय. दोस्त शांतपणे म्हणाला, "मले माहीत होतं. तू इचारलं नाही." परवा जाऊ म्हणे गाडीनं, ठरलं.

स्वेटर साडेआठशेचं सातशेला.

संध्याकाळी आजीजवळ बसलो. आमचं घर मूळचं बीडकडचं, बाबांची नोकरी नागपूरला लागली म्हणून आम्ही इथले झालो, पण आजीची भाषा तीस वर्षं नागपुरात राहून इंचभर हलली नाही. तिला मोबाईलवर गोदामाचे फोटो दाखवत होतो. पांढऱ्या तंबूसारखं मोठं गोदाम, त्याला आम्ही रब हॉल म्हणतो, आत पन्नास पन्नास किलोच्या पोत्यांची थप्पी, पोत्यावर दोन हात एकमेकांत, खाली लिहिलेलं की अमेरिकन जनतेकडून. आजीने चष्मा वर केला, फोन डोळ्याला लावला आणि म्हणाली, "काय हाय त्यात?" ज्वारी. "लाल का पांढरी?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. म्हटलं काही लालसर असते, काही पांढरी. "लाल आसंल तर मिलो हाय ती."

मग जे सुरू झालं ते रात्री साडेदहापर्यंत. बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेला असतो पण म्हातारं माणूस स्वतःच्या हाताकडे बघत सांगतं तेव्हा वेगळं असतं. आजी तेव्हा चोवीस-पंचवीसची, बाबा तीन वर्षांचे. पाझर तलावाच्या कामावर आजी खडी फोडायला, आजोबा माती टाकायला, बाबा बाभळीला बांधलेल्या झोळीत. (बाभळीला पाला नव्हताच, सावली कसली, आजी म्हणे वरून लुगडं टाकायचो.) मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, हे मी नंतर वाचलेलं. आजीला आकडा नाही माहीत. तिला माहिती आहे की मुकादम मापाचा टोपला खालून ठोकून आत घेतलेला आणायचा, म्हणजे... थांबा, उलट, ठोकून बाहेर फुगवलेला, म्हणजे जास्त खडी बसते. हे तिने ताट उलटं करून दाखवलं.

रेशनवर ही लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून जहाजाने आलेली. भाकरी थापली की तुटायची, कडा फाटायच्या, गिळताना घशाला लागायची, आणि लोक म्हणायचे की तिकडे ही डुकरांना घालतात. "खाल्ली का मग?" मी. "न खाऊन सांगती कुणाला," आजी. कामावर सुकडी मिळायची, तिची चव मात्र तिला आवडायची, ती पदरात बांधून बाबांसाठी ठेवायची. बाबा मधेच म्हणाले की शाळेत असताना त्यांच्या घरी तेलाचा एक डबा होता, त्यावर हेच हात होते, त्यात डाळ ठेवायचे. तिकडे बेंतिऊमध्ये तेच डबे कापून, ठोकून सपाट करून झोपडीचं दार बनवतात, मी बघितलंय, एकेका दारावर वीस वीस जोड्या हात.

मला एक गोष्ट तीन वर्षं बोचत होती, तिला त्या रात्री नाव मिळालं. आमच्याकडे दर महिन्याला मीटिंगमध्ये लोक सांगायचे की ही ज्वारी बायकांना आवडत नाही, दाणा कडक आहे, किसरा (आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची तिकडची पातळ पोळी) नीट येत नाही. आणि आमचं उत्तर ठरलेलं, पाइपलाइनमध्ये हीच आहे. पाइपलाइन म्हणजे काय, तर अमेरिकेतल्या कुठल्यातरी शेतकऱ्याची ज्वारी, तिकडच्या बंदरातून मोंबासा, तिथून ट्रकने केनिया, युगांडा, निमुलेची सीमा आणि जुबा, काही महिन्यांचा प्रवास. युगांडात शेजारी धान्य पडलेलं असतं तरी. त्यात अमेरिकेचा १९५४ चा कायदा आहे की सरकारी मदतीच्या मालातला निदान निम्मा अमेरिकन झेंड्याच्या जहाजांतूनच गेला पाहिजे, मधली बरीच वर्षं तर पाऊण होता. म्हणजे काका, बघा, पैसे "खाल्ले" ते असेही खाल्ले जातात, कायद्याने, पावती देऊन. देणाऱ्याच्या गोदामात जे असतं ते घेणाऱ्याच्या ताटात पडतं. आजी ताटाच्या बाजूला होती, मी गोदामाच्या, आणि मधे पोतं एकच.

आपली पीएल ४८० ची, म्हणजे अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याची, गोष्टही तीच होती ना. साठच्या दशकात गहू यायचा, पण त्यांचे अध्यक्ष जॉन्सनसाहेब महिन्यामहिन्याला जहाज सोडायचे, आपण व्हिएतनामवर काही बोललो की जहाज जरा उशिरा. लोक म्हणायचे जहाजातून थेट तोंडात. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं ते ह्याच दिवसांत.

दिवस तिसरा

आज फक्त एकच काम होतं आणि तेही धड झालं नाही. जुबात एक चिनी इंजिनियर ओळखीचा झाला होता, मी इंडियन आहे कळल्यावर तो म्हणाला "कोतिस, कोतिस". मला वाटलं कुठला ब्रँड आहे. तर कोटणीस! सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ते आपल्याला शाळेत होते. पण नंतर वाचताना कळलं की १९३८ च्या त्या पथकात पाच डॉक्टर होते, आणि त्यातले एक, डॉ. एम. आर. चोळकर, नागपूरचे. नागपूरचे! तर ठरवलं होतं की घरी गेलो की शोधू.

बर्डीवर एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथले काका पेपरला काठी लावत होते, चोळकर म्हटल्यावर म्हणाले कोणते, महालातले? मी म्हटलं चीनला गेलेले. "चीनला? कंपनीनं पाठवलं का?" मग एका कपाटातून कोटणीसांवरचं पातळसं पुस्तक निघालं, त्यात चोळकर दोन ओळीत. महालात दोन जणांना विचारलं, एकाने मला चोळकर नावाच्या दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं, ते बंद होतं. नंतर कळलं ते चौधरी होते.

पण गोष्ट सांगून टाकतो कारण मला ती फार आवडते. जपानने चीनवर हल्ला केलेला, चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. आपण स्वतः गुलाम, खिशात काही नाही. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेस अध्यक्ष, त्यांनी आवाहन केलं, लोकांनी बावीस हजार रुपये जमवले, एक ॲम्ब्युलन्स घेतली, आणि १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून राजपुताना नावाच्या जहाजाने पाच जण निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, ते आधी स्पेनच्या यादवीतही जाऊन आलेले. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस, आपले चोळकर. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. चोळकर आणि मुखर्जी आधी परतले, कोटणीस तिथेच राहिले, लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तीसाव्या वर्षी गेले. माझंच वय. मी स्टॅक कार्ड भरून परत आलो.

मला ह्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की चू तेह यांनी डॉक्टर मागितले आणि आपण डॉक्टर पाठवले. आपल्याकडे जास्तीचा कापूस होता म्हणून कापूस नाही पाठवला. किती साधी गोष्ट आहे ही, आणि इतक्या वर्षांत मी किती कमी वेळा ती होताना पाहिली.

परत येताना सिव्हिल लाइन्समधून आलो. तिथलं जुनं नागरी संरक्षण महाविद्यालय ना, त्याच्यासमोरून शाळेत असताना हजार वेळा गेलोय, ते १९५७ मध्ये आणीबाणीतल्या मदतकार्याचं प्रशिक्षण द्यायलाच सुरू झालं होतं. म्हणजे हा धंदा नागपुरात माझ्या आधीपासून आहे. गेटवर थांबून फोटो काढायला लागलो तर गार्डने हाकललं.

दिवस चौथा

पहाटे साडेपाचला निघालो. पारडी, मौदा, भंडारा. वैनगंगेच्या पुलावर इतकं धुकं की दोस्ताने काच खाली करून डोकं बाहेर काढून गाडी चालवली. लाखनीला चहा घ्यायला थांबलो तर मागचं टायर बसलेलं, पंक्चरवाला आठला उघडणार, तोपर्यंत तीन चहा झाले. साकोलीवरून उजवीकडे वळलं की मग रस्ता सुंदर आहे, नवेगावबांधचं जंगल, मधेमधे बोड्या (छोटी तळी), आणि दोन्हीकडे धानाची कापलेली शेतं. धान खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरची रांग होती आणि पोत्यांचे ढीग. मी उतरून एक पोतं दाबून बघितलं, सवय. तागाचा बारदाना, ओलावा जास्त वाटला. हमाल म्हणाला, "साहेब, ग्रेडर हाव का तुमी?"

तिबेटी कॅम्प. तिकडचे लोक असंच म्हणतात, खरं नाव नोर्ग्येलिंग. अचानक जंगलातून बाहेर आल्यावर रंगीत पताका दिसतात, मग बौद्ध मठाचं सोनेरी छप्पर, आणि खाली कौलारू घरं, दारात धानाची रास आणि कोंबड्या. म्हणजे अर्धं चित्र लडाखचं आणि अर्धं गोंदियाचं. सामसूम होती. दोस्त म्हणे गाव सुटलं का? सुटलंच होतं एका अर्थी, कारण डिसेंबरमध्ये कामाच्या वयाची माणसं स्वेटर विकायला गावोगाव जातात, मागे उरतात म्हातारे आणि शाळेतली पोरं. माझ्या अंगातलं स्वेटर बघून एक आजोबा हसले, "सातशे? साडेसहाशेला आलं असतं."

त्यांच्या अंगणात दोन तास बसलो. वय सत्तर. हिंदी-मराठी मिसळून बोलत होते, मराठीत तिकडचा झाडीचा हेल. चहा दिला, मीठ आणि लोणी घातलेला, दोस्ताने एक घोट घेतला आणि मग कप हातात धरून अर्धा तास हात शेकले.

१९५९ मध्ये दलाई लामा आले त्याच्या मागून त्यांचे आईवडील त्यांना पाठीवर घेऊन आले. मग हिमाचलात रस्त्याचं काम. तंबूत राहायचं, डोंगर फोडायचा, खडी करायची. त्यांची आई खडी फोडायची आणि ते शेजारी बसलेले असायचे. मी म्हटलं झोळीत? म्हणाले नाही, दोरीने दगडाला बांधायची, खाली दरी होती.

बहात्तरला त्यांना इथे आणलं, ते सतरा वर्षांचे होते. सगळं जंगल. सरकारने जमीन दिली, झाडं तोडायला माणसं, नांगरायला ट्रॅक्टर, आणि पहिलं पीक येईपर्यंत रेशन. थंड डोंगरातली माणसं, एप्रिलमध्ये विदर्भाचं ऊन! म्हातारी माणसं पटापट गेली म्हणाले, मलेरियानं पण. दुधाची पावडर यायची, ती कशी वापरायची कोणाला कळेना, मग त्यांनी ती चहात कोरडीच टाकली, गुठळ्या झाल्या, पोटं बिघडली. भात लावायचा कसा हे बाजूच्या गावातल्या बायकांनी शिकवलं. गुडघाभर चिखलात उभं राहून रोवणी करताना त्यांच्या आईला जळू लागली तर तिने ती तोडली नाही, मारायचं कसं म्हणून. बाजूची गोंड बाई आली, जळवेवर तंबाखू चोळली, आपोआप गळून पडली, पाप कोणालाच नाही. हे सांगताना आजोबा इतके हसले की त्यांची कवळी हलली.

"रेशन कधी बंद झालं?" मी विचारलं, धंद्याचा प्रश्न.

"नीट पीक आलं तेव्हा. काही वर्षं गेली." मग त्यांनी विचारलं की तुमच्या तिकडे कधी बंद होणार. मी म्हटलं बंदच होऊन राहिलंय, पण पीक आलं म्हणून नाही, पैसे संपले म्हणून. माणसाला दिवसाला २,१०० कॅलरी लागतात असं धरून रेशन ठरवतात, आमच्याकडे आधीपासूनच त्याच्या निम्मं देत होतो, आणि ते निम्मंही मग काही लोकांना मिळायचं, काहींना नाही. यादीतून कोणाला काढायचं ते गावातलीच कमिटी ठरवायची. "आणि जमीन?" जमीन पाण्याखाली. बेंतिऊच्या भोवती २०२१ पासून पूर आहे, ओसरतच नाही, कॅम्प मातीच्या बांधांनी वाचवलाय, बांध फुटला की बशीत पाणी भरावं तसं. रस्ते पावसाळ्यात बंद, मग इल्युशिन विमानातून तीनशे मीटरवरून पोती टाकतात, एका पोत्याबाहेर दुसरं, त्याबाहेर तिसरं घालून, म्हणजे आतलं फुटलं तरी दाणा राहतो. खर्च ट्रकच्या कितीतरी पट. वरून पोती पडताना बघणं भारी वाटतं, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मी व्हिडिओ काढला. मग पोती उचलायला बायका निघाल्या, पाण्यातून, डोक्यावर, तेव्हा बंद केला.

आजोबांना विमानात रस नव्हता. जमिनीतच होता. युगांडाचं सांगितलं तेव्हा ते पुढे सरकून बसले. तिथं दक्षिण सुदानमधून आलेल्यांना सरकार घर बांधायला आणि थोडं पिकवायला जमिनीचा तुकडा देतं, काम करायला, फिरायला मुभा. बिडी बिडी नावाची वस्ती आहे, ऑगस्ट २०१६ मध्ये उघडली, काही महिन्यांत दोन लाखांच्या वर माणसं. "हां, बरोबर," आजोबा म्हणाले, "पण जमीन कशी आहे?" खडकाळ आहे बरीचशी. तुकडेही आता छोटे होत चाललेत. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले की इथेही कागदावर जमीन त्यांची नाही, सरकारचीच आहे, आणि त्यांचं स्वतःचं ओळखपत्र म्हणजे परदेशी माणसाची नोंदणी, ती नवी करत राहावी लागते. जन्म हिमालयापलीकडचा, त्रेपन्न वर्षं गोंदियात, नातवाला तिबेटीपेक्षा मराठी बरं येतं. भारताने निर्वासितांचा १९५१ चा करार सहीच केलेला नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, तरी जमीन दिली. तिकडे करारावर सह्या केलेले कितीतरी देश आहेत जे कुंपणाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. मला ह्याचं काय करायचं कळत नाही. मी पोती मोजणारा माणूस आहे.

निघताना त्यांनी एक पिशवीभर तांदूळ दिला. मी नको नको म्हटलं, दोस्त म्हणाला घे ना बे, आणि घेतला.

रात्री नवेगावबांधला राहिलो, तलावाच्या काठी. काही विशेष नाही, मच्छर होते.

दिवस पाचवा

परतीचा रस्ता. भंडाऱ्यात आईसाठी पितळेचा डबा. दोस्ताने रस्त्यात विचारलं, "तर आता काय करणार?" एका संस्थेचा मेल आलाय, चाडमधल्या आद्रे गावासाठी, सुदानची लढाई एप्रिल २०२३ पासून चालू आहे आणि दारफुरमधून लोक तिकडे येतायत. सहा महिने. फ्रेंच येतं का विचारलंय. मला फ्रेंचमध्ये नमस्कार येतो.

घरी येऊन ज्वारीचं पीठ भिजवलं. आजीला म्हटलं होतं किसरा करून दाखवतो. पीठ पातळ भिजवून रात्रभर आंबवायचं असतं, जुबात सहा तासांत फसफसतं, इथे थंडीत काहीच होईना, रात्री दोनला उठून बघितलं तर पीठ तसंच गुमसुम. शेवटी डबा माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून गॅसच्या शेगडीशेजारी ठेवला. सातशे रुपये वसूल.

दिवस सहावा

दुपारी बारापर्यंत आंबलं. खरा किसरा मोठ्या सपाट तव्यावर ताडाच्या पातीने सर्रकन पसरवतात, कागदाइतका पातळ, त्या बायकांचा हात इतका झरझर फिरतो की बघत राहावं. मी डोशाच्या तव्यावर वाटीने पसरवला. पहिला चिकटला. दुसरा फाटला. तिसरा आईने काढला म्हणून आला. सोबत तिकडे भेंडीचं कालवण असतं, वाळवून कुटलेली भेंडी घालून बुळबुळीत केलेलं, ते इथं कोणी खाणार नाही म्हणून आईने साधी पातळ भाजी केली.

आजीने तुकडा मोडला, बोटांनी चोळून बघितला, मग तोंडात. बराच वेळ चावत राहिली.

"धिरडं हाय आंबलेलं."

"कसं झालंय?"

"मिलोपेक्षा बरं." दुसरा तुकडा घेतला. मग मधेच थांबून विचारलं, "त्या बाया दळत्यात कुठं?"

तीन वर्षांत आमच्या एकाही पाहुण्याने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मोठमोठे लोक येऊन गेले, हेलिकॉप्टरने. पोत्यात अख्खी ज्वारी असते. वाटप झालं की बाई डोक्यावर घेऊन जाते, आणि दळायला पैसे नसतात. मग गिरणीवाल्यालाच त्यातली ज्वारी मोजून द्यायची. नाहीतर घरी उखळात कुटायची, अर्धा दिवस. मी आजीला सांगितलं की गिरणीवाला धान्यातूनच घेतो.

"किती घेतो?"

मी हाताने टिनाचं माप दाखवलं.

"वरून सपाट का शीग लावून?"

मी आठवायला लागलो. गोदामाच्या बाहेर, कुंपणाच्या कडेला ती गिरणी होती, डिझेलची, रोज आवाज यायचा तिचा. मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं.

"शीग लावूनच घेत आसंल," आजी म्हणाली आणि ताट पुढे केलं. "घाल आजून एक. करपवू नको."